चाळीसवर

राक्षस कसा दिसतो, मला विचारू नका.
दोन वर्षं झाली, रोज रात्री अकराला आम्ही त्याला मारतोय,
पण मी त्याच्याकडं बघितलेलंच नाही.
मी बघतो ती पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातली
एक हिरवी पट्टी.
तिच्यावर नाव: दाजीपूरचा गवा.

गवा म्हणजे दस्तगीर मुजावर.
शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीवर, पहिली पाळी.
आमच्यात तो टँक. पुढं उभं राहायचं,
सगळ्यांचा मार एकट्यानं खायचा,
आणि राक्षसाला शिव्या घालून घालून
दुसऱ्या कुणाकडं वळू द्यायचं नाही, हे त्याचं काम.
त्याची पट्टी खाली येते, मी भरतो.
येते. भरतो. येते.
दिवसा उद्यमनगरात लेथच्या दुकानाची उधारी लिहितो,
तिथंही असंच काहीसं असतंय.

एक बटण मात्र वेगळं.
दाबलं की मेल्यात जमा झालेला माणूस
काठोकाठ भरून उभा राहतो,
आणि पुढं दहा मिनिटं ते बटण राखाडी.
दहा मिनिटांत लढाई संपते, इकडं नाहीतर तिकडं.
म्हणून मी ते वाचवून ठेवायचो.
आत्ता नको, अजून मोठा फटका यायचाय.
पंचवीसवर आला. आत्ता नको.
अठरा.
वाचवून ठेवणं आणि वाचवणं,
दोन्हीला आपल्यात एकच शब्द का, कुणास ठाऊक.
त्या रात्री गवा नऊवरून थेट शून्यावर गेला
आणि माझ्या बोटाखाली ते बटण
नुकत्याच कल्हई केलेल्या पातेल्यासारखं
लखलखीत, न वापरलेलं.

कुणी बोललं नाही. हेडफोनमध्ये
दस्तगीरच्या घरचा पंखा तेवढा कुरकुरत होता.
मग म्हणाला, "असूंदे भावा. परत जाऊया."
असूंदे म्हणाला, तेच लागलं.

कालिंदीबाई गडहिंग्लजच्या, आमच्या दुसऱ्या हिलर,
एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त.
त्या म्हणाल्या, "पंधरावर दाबतो तो हिरो.
चाळीसवर दाबतो तो हिलर.
तुला काय व्हायचंय ते ठरव. आणि पाणी पी जरा."
पुढच्या खेपेला आम्ही दोघांनी एकदमच दाबलं.
एका माणसाला दोन जीव; एक सांडून गेला.
बाई इतक्या हसल्या की चष्मा
माईकवर आपटल्याचा आवाज आला.
तेव्हापासून ठरलंय: आधी मी, मग त्या.

दस्तगीरला मी एकदाच भेटलोय. गंगावेशीत,
दुधाच्या कट्ट्यावर. मी पैलवान शोधत होतो.
म्हशीजवळ एक किडकिडीत माणूस उभा,
कोपरापर्यंत भाजल्याचे बारके डाग,
ग्लासातला फेस मिशीला.
"तूच व्हय रं?" म्हणाला.
त्याच्या डोक्यावर कुठलीच पट्टी नव्हती.
किती उरलाय, कळायला काही मार्ग नाही.
मी दुधाचे पैसे दिले.
त्यानं भांडून ते परत माझ्या खिशात कोंबले.

काल मोठा फटका यायच्या आधी,
तो बेचाळीसवर असताना,
मी दाबलं.
बोट थरथरलं, खोटं कशाला बोलू.
मग दहा मिनिटं ते राखाडी बटण
आणि मी, किल्ली आत ठेवून
दार ओढून घेतलेल्या माणसासारखा.
राक्षस पडला म्हणे.
"आज सोपं गेलं की," दस्तगीर म्हणाला,
"हे बेणं काय येवढं मारत न्हाई."
कालिंदीबाई खाकरल्या.
मी म्हटलं, "व्हय. मऊच हाय ते."

त्याला सकाळी सहाची बस.
त्याचं नाव विझलं.
विझायच्या आधी पट्टी एकदा बघून घेतली,
भरलेली होती.